आधी परतीची सोय: लेकीसह उपवनपासून माथेरानपर्यंत

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन सुटीवर निघायचे ठरले की घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कुठे जायचे’ हाच असतो. आमच्याकडे मात्र लेक धावू लागल्यापासून ‘तिथून हवे तेव्हा निघता येईल का’ हे आधी विचारले जाऊ लागले आणि त्याच्या उत्तरावर काही ठिकाणे यादीतून गळाली, काही टिकली. आम्ही ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला राहतो. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि सासू-सासरे आमच्यासोबत असतात. पावसाळा सरल्यावर असे ठरले की उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी माथेरानला मुक्कामाला जायचे, पण तत्पूर्वी हिवाळाभर घराच्या आसपास फिरून तिला बाहेरचे खाणे, बाहेरची झोप आणि अनोळखी माणसे यांची सवय लावायची. सवय अर्थात आम्हालाही हवी होती, कारण लग्नानंतर आम्ही केलेले प्रवास रात्रीची गाडी पकडून पहाटे उतरण्याच्या पद्धतीचे होते आणि ती पद्धत आता उपयोगाची नव्हती.

सुरुवात उपवन तलावापासून केली. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेला हा तलाव घरापासून इतका जवळ आहे की नवऱ्याने पहिल्यांदा स्कूटरच पुढे काढली होती. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवरून नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा व डोक्यावर मापाचे हेल्मेट हवे आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या आत हवी, असा केंद्र सरकारचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आमच्याकडे तो पट्टाही नव्हता आणि हेल्मेटही नव्हते, त्यामुळे स्कूटर जागेवर राहिली व आम्ही रिक्षाने गेलो. तलावाच्या काठाने मोठ्या माणसाला फेरी मारायला जो वेळ लागतो, तेवढ्या वेळात लेक दोन बाकांमधले अंतरही कापत नसे. फरशीची फट, कुत्र्याचे पिल्लू, कुणीतरी टाकलेला शहाळ्याचा तुकडा यांच्यापाशी थांबत थांबत ती पुढे सरके. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत एक-दोन वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्याला बाबागाडीत किंवा खुर्चीत सलग एका तासाहून अधिक वेळ जखडून ठेवू नये असे म्हटले आहे. १८० मिनिटांचा आकडा कागदावर मोठा वाटतो, परंतु काठावरचे हे थांबत-वाकत चालणेही त्यात धरले जाते हे लक्षात आल्यावर तिला ‘चल, चल’ म्हणून ओढण्याचे आम्ही सोडून दिले.

या सकाळच्या फेऱ्यांतून हाती लागलेली खरी गोष्ट म्हणजे तिच्या दिवसाचे घड्याळ. ती साडेसहाच्या सुमारास उठते आणि साडेबाराच्या आसपास झोपेला येते. त्या आधीचा अर्धा तास चिडचिडीचा असतो. त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, म्हणजे दुपारची झोप मोडली तर ती रात्री भरून निघेल या भरवशावर राहण्यात अर्थ नसतो. आमच्याकडे तर दुपार हुकली की रात्र अधिकच बिघडत असे. त्यामुळे आवरणे, न्याहारी आणि जाण्या-येण्याचा प्रवास वजा करता प्रत्यक्ष हिंडण्यासाठी आमच्या हाती दोन-अडीच तास उरतात, आणि पुढचे सगळे बेत या दोन-अडीच तासांच्या चौकटीत बसवायचे होते.

येऊरला आम्ही गेलो, पण फार वेळा नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग सुंदर आहे यात वादच नाही; मात्र जवळपास १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबट्यांचा वावर आहे आणि पायवाटेवर चार पावले पुढे पळणाऱ्या मुलाला ही बाब समजावता येत नाही. वन खात्याच्या फाटकापासून जवळच, पूर्ण उजाडल्यावर आणि मूल हाताच्या अंतरावर ठेवून फिरणे इतपतच आम्हाला पटले. त्या मानाने घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळ्यातील ओवळेकर वाडी हे फुलपाखरू उद्यान या वयाला अधिक मानवते. फुलपाखरांच्या पंखांना ऊन लागल्याशिवाय ती नीट उडत नाहीत, त्यामुळे भल्या पहाटे धावत जाण्याची गरज नसते आणि न्याहारी उरकून निघाले तरी चालते. ब्लू मॉरमॉन, म्हणजे महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले मोठे काळे-निळे फुलपाखरू, तिथे दाखवण्याची माझी फार इच्छा होती. लेकीचा जीव मात्र लिंबाच्या पानावरच्या अळीत अडकला. तिने बोट लावताच अळीने डोक्यामागून लालसर शिंगे बाहेर काढली, उग्र वास सुटला आणि मग तीच करामत पुन्हा पाहण्यासाठी तिने सासूबाईंना त्या झुडपाशी बसवून ठेवले.

सर्वांत जास्त खल झाला तो फ्लेमिंगोंवर. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र १,६९० हेक्टर आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटतात. आम्ही लग्नानंतर त्या बोटीतून गेलो होतो आणि अनुभव उत्तमच होता. तरीही लेकीसाठी मी बोटीला नकार दिला, कारण बोट एकदा खाडीत शिरली की एका रडणाऱ्या मुलासाठी ती माघारी वळत नाही आणि वळावी अशी अपेक्षा इतर प्रवाशांकडून करणेही योग्य नाही. त्याऐवजी नेरुळच्या सीवूड्स भागातील डीपीएस तलाव निवडला. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा फ्लेमिंगो तिथे पसरून शेवाळ व बारीक जीव गाळून खात असतात आणि त्या खाण्यातील रंगद्रव्यांमुळेच त्यांना गुलाबी रंग चढतो. भरतीच्या पाण्याखाली हा चिखल गेला की ते उठून नेरुळ परिसरातील अशा उथळ पाणथळींवर येऊन टेकतात. म्हणजे जमिनीवरून, गाडी जवळ उभी करून आणि वाटेल त्या क्षणी परतीच्या तयारीने त्यांना पाहायचे असेल तर भरतीची वेळ गाठावी लागते.

ही वेळ गाठून दिली सासऱ्यांनी. आबा मूळचे मुरूडकडचे असल्याने भरतीसाठी त्यांना मोबाइल लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांच्या तोंडी असतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी बाराच्या आसपास येते. ही उधाणाची भरती सर्वांत मोठी असल्याने पक्षी खाडीतून हमखास उठतात, पण नेमकी तीच वेळ आमच्या लेकीच्या झोपेची. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, भरती सकाळी लवकर येते खरी, परंतु तिचे पाणी कमी चढते. आबांनी कालनिर्णयवर बोट फिरवत सांगितले, ‘‘द्वादशी धर. बाराची पाऊणपट नऊ. पाणीही बऱ्यापैकी चढेल आणि पोरगी जेवायला घरी येईल.’’ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी पडताळून पाहिले तर थोड्या मिनिटांचाच फरक निघाला. खाडीच्या आतल्या अंगाला भरती किनाऱ्यापेक्षा जरा उशिरा पोहोचते, हे ध्यानात घेऊन आम्ही थोडा अधिक वेळ हाताशी ठेवला.

पाम बीच रस्त्याने पोहोचलो तेव्हा तलावात फ्लेमिंगोंचे थवे उतरत होते. त्यांच्यात करड्या रंगाची, अजून गुलाबी न झालेली पिल्ले मिसळलेली होती. दुर्बीण या वयात निरुपयोगी ठरते, कारण मूल उलट्या बाजूने डोळा लावते आणि मग ती दुर्बीण चिखलात जाते. आबांनी तिला खांद्यावर घेतले आणि फक्त पाय दाखवले: ‘‘बघ, किती लांब पाय!’’ थोडा वेळ ती पाहत राहिली, मग उतरली आणि काठाजवळच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांकडे वळली. निवटी कल्ले असलेला मासा असूनही ओलसर अंगावर चिखलातून सरपटते, मध्येच पाठीवरचा पर उभारते आणि सावली पडताच बिळात नाहीशी होते. लेक हात पुढे करी, निवटी गडप होई, लेक मागे वळून आमच्याकडे बघे. दहा-साडेदहाला तिने स्वतःच ‘घरी’ म्हटले आणि आम्ही निघालो. तेवढ्या वेळात मला पक्षी मनाजोगे पाहता आले नाहीत, ही माझी तक्रार होती. ती मी पुढे एकदा एकटीने जाऊन मिटवली. लहान मूल सोबत असताना मोठ्यांची हौस त्याच फेरीत भागवण्याचा हट्ट धरू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दरम्यान पिशवीही आकाराला आली. फार काही सांगण्यासारखे तिच्यात नाही, पण काही गोष्टींवर आम्ही ठाम आहोत. खारे शेंगदाणे, अख्खे काजू, लाह्या आणि अख्खी द्राक्षे ही चार-पाच वर्षांपर्यंत घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची असतात, त्यामुळे प्रवासात सहज हाती ठेवले जाणारे शेंगदाणे आम्ही बंद केले आणि त्यांच्या जागी मऊ थालीपीठ, केळे व शेंगदाण्याच्या कुटाचा मऊ लाडू आला. थर्मासमध्ये गरम मुगाची खिचडी असते. ओआरएसचे पाकीट नेहमी सोबत असते. ते अर्धे-मुर्धे न घालता पाकिटावर छापलेल्या मापाच्या पाण्यात संपूर्ण विरघळवायचे आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे. सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कडा असलेली टोपी यांच्यापुढे उन्हापासून वाचवणारी मलमे दुय्यम वाटतात, तरी उघड्या चेहऱ्यावर व हातांवर ती लावतो. वापरलेल्या डायपरसाठी झाकणाचा वेगळा डबा असतो आणि तो घरी येतो; येऊरच्या वाटेवर झुडपात टाकलेले डायपर पाहून दर वेळी संताप येतो.

माथेरानचा प्रश्न वेगळा होता, कारण हवे तेव्हा निघता येण्याची आमची कसोटी तिथे सहजासहजी पार पडत नाही. दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना बंदी आहे आणि तिथून पुढे पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने जावे लागते. मोटार नसल्यामुळेच मूल तिथे रस्त्यावर मोकळे सोडता येते, हा त्या बंदीचा मोठा लाभ आहे. त्याच्या बदल्यात परतीला वेळ लागणार हे आम्ही आधीच मान्य केले. मग जे कमी करता येईल ते केले. १९०७ पासून धावणारी नेरळ-माथेरान गाडी मोह घालणारी आहे, पण सुमारे वीस किलोमीटरच्या त्या चढाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो आणि अरुंद बाकावर लेकीला इतका वेळ धरून ठेवणे हा तिच्यावर व सहप्रवाशांवर अन्याय ठरला असता. म्हणून स्वतःच्या मोटारीने दस्तुरीपर्यंत आणि तिथून अमन लॉज ते माथेरान एवढाच पंधरा-वीस मिनिटांचा रेल्वेप्रवास, असा तोडगा निघाला. आपली मोटार दस्तुरीला उभी असल्याने परतीसाठी टॅक्सीची वाट पाहावी लागणार नव्हती आणि तिच्यात लेकीचे सुरक्षा-आसनही बसवलेले होते. मुलाला पट्टा वा असे आसन न वापरता नेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे, पण दंडाचे सोडाच, तो घाट चढताना मांडीवर मूल घेऊन बसण्याची मला कल्पनाही करवत नाही.

फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवसांत आम्ही निघालो. शिळफाट्याची कोंडी टाळण्यासाठी उजाडण्यापूर्वीच लेकीला गोधडीसकट उचलून आसनात ठेवले. काटई, बदलापूर, वांगणी तिच्या झोपेतच मागे पडले आणि नेरळला ती जागी झाली. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा गाडी लागत नाही आणि त्यानंतर हा त्रास सुरू होऊ शकतो. लेक त्या सीमेवरच असल्याने घाटाच्या पायथ्याशी थांबून तिला थोडे थालीपीठ भरवले, दूध मात्र दिले नाही. वर पोहोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. दस्तुरीला उतरताच एका घोडेवाल्या दादांनी आग्रह सुरू केला, ‘‘ताई, बाळाला पुढ्यात घेऊन बसा, काही होत नाही.’’ तिच्या मापाचे हेल्मेट नसताना मला ते मान्य होणे शक्य नव्हते. बाबागाडी आम्ही मुद्दाम घरी ठेवली होती, कारण जांभ्या दगडाच्या आणि मुळांनी उचललेल्या त्या लाल वाटांवर तिची लहान चाके फिरत नाहीत. पाठीवर बांधायची झोळीची पिशवी तिथे फार उपयोगी पडली.

राहण्याची जागा निवडताना दरीचे दृश्य हा निकष आम्ही पहिल्यांदाच बाजूला सारला. स्थानकापासून जवळ, तळमजल्यावर आणि कठड्यापासून दूर, एवढेच पाहिले. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या पठाराचे बहुतेक पॉइंट म्हणजे थेट कड्याची टोके. काहींना कठडे आहेत, काही ठिकाणी ते लहान मुलाला सहज वाकून जाता येईल असे आहेत. त्यामुळे एको पॉइंट वगैरे नावे नवऱ्याने एकट्याने पाहून घ्यावीत असे ठरले आणि आम्ही सगळे शार्लोट लेकच्या बाजूला, गर्द सावलीच्या वाटेने गेलो. तलावाचे पाणी गावाच्या पिण्यासाठी वापरले जाते, तेव्हा पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या पिसारनाथाच्या देवळात सासूबाईंनी दर्शन घेतले. माकडांचा उपद्रव मात्र खरा आहे. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की ती अंगावर येतात. मुलाच्या हातातले बिस्कीट हिसकताना ओरखडाही बसू शकतो आणि त्यासाठी मग रेबीजच्या लशीपर्यंत जावे लागते. सबब बाहेर काहीही खायचे नाही, खाणे खोलीत किंवा बंद व्हरांड्यात, असा दंडक पाळला.

लेकीचे माथेरान मात्र अंगणातल्या लाल मातीच्या ढिगात होते. घरून आणलेल्या स्टीलच्या वाटीत ती माती भरी, व्हरांड्याच्या पायरीवर उपडी करी, वाटी उचलल्यावर उभा राहिलेला गोळा हाताने चेपून टाकी आणि पुन्हा भरायला जाई. तिचे मोजे, कोपर आणि भुवया सगळे एका रंगाचे झाले होते. आबा पायरीवर बसून प्रत्येक गोळ्याला ‘आता इडली झाली का?’ असे विचारीत आणि ती दर वेळी तेवढ्याच गांभीर्याने नकार देई. घोड्यांच्या टापांनी उडणारी धूळ जास्त झाली की तिला शिंका येत, म्हणून रस्त्याकडची बाजू टाळली. दुपारी, खिडकीला ओढणी लावून खोली अंधारी केली व तिची गोधडी अंथरली, तेव्हा घरच्या वेळेलाच ती झोपली. हिवाळाभर केलेल्या सवयीचा हा सरळ फायदा होता.

रात्री तिचे अंग तापले. थर्मामीटर सोबत होता आणि तिच्या वजनानुसार डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचे माप मिलिलिटरमध्ये लिहून दिलेले होते. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे की या औषधाची पातळ रूपे पाच मिलिलिटरमागे १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतात, त्यामुळे ‘एक चमचा’ या मापाला अर्थ नसतो. कागदावर तीव्रता आणि मिलिलिटर दोन्ही हवीत आणि तीच बाटली घरून न्यावी. ताप उतरला, पाणी ती पीत होती, लघवी नेहमीसारखी होत होती, म्हणून रात्री धावपळ केली नाही. नगरपरिषदेचे रुग्णालय कुठे आहे हे आल्या दिवशीच पाहून ठेवले होते आणि मोटारबंदी रुग्णवाहिकेला लागू नाही, हे माहीत असल्याने घरातल्या कुणीही घाबरगुंडी उडवली नाही. सकाळी ती हसत उठली. तरी मुक्काम एका रात्रीने आटोपता घेऊन आम्ही पहिल्या सोयीच्या गाडीने दस्तुरी गाठली. राहण्याच्या ठिकाणी आगाऊ भरलेल्या रकमेतील काही भाग गेला. तो जाणार हे धरूनच खर्चाचा अंदाज केलेला असल्याने त्यावर चर्चा झाली नाही. ठाण्यात पोहोचेपर्यंत ताप परत आला नव्हता आणि डॉक्टरांनी साधी सर्दी म्हणून सांगितले.

पावसाळ्यात आम्ही धबधब्यांच्या वाटेला जाणार नाही. खारघरच्या पांडवकड्यासारख्या ठिकाणी प्रशासन दर वर्षी बंदी घालते ते अपघातांच्या अनुभवावरूनच, आणि साचलेल्या पाण्यात अनवाणी नाचू दिल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायात गमबूट, अंगावर रेनकोट आणि सोसायटीच्या आवारातला पाऊस तिला पुरेसा आहे. दिवाळीनंतर अलिबागचा विचार चालू आहे. आबांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, २०२० साली सुरू झालेली रो-रो बोट हवी आहे, कारण तिच्यात मोटार चढते आणि पलीकडे उतरल्यावर आपली गाडी आपल्या हाती असते. माझे म्हणणे असे की ठाण्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता आणि त्यावर पाण्यातला सुमारे एक तास, ज्यात माघारी फिरता येत नाही, यापेक्षा पनवेल, पेण, वडखळ करत वाटेत पाहिजे तिथे थांबत जाणे बरे. तोवर लेक तीन वर्षांच्या जवळ आलेली असेल आणि कदाचित डेकवर मोकळी हिंडूही शकेल, असा आबांचा युक्तिवाद आहे. तो मला अगदीच अमान्य नाही; मात्र बोटीवर तिच्या मापाचे लाइफ जॅकेट असते का, हे विचारून झाल्याशिवाय तिकिटे काढायची नाहीत, यावर आमचे एकमत झाले आहे.